‘कॉटन’ हा शब्द आला कुठून?

विदर्भात कापसाला टप्प्याटप्प्यावर वेगळं नाव आहे. शेतात उभी असते ती पऱ्हाटी. तिला पात्या लागतात, फुलं येतात, मग बोंडं धरतात. बोंड फुटलं की वेचायचा तो कापूस. जिनात, म्हणजे बी वेगळं काढणाऱ्या कारखान्यात, सरकी निघून गेली की उरते ती रुई, आणि रुई कातली की सूत. त्याच सुताचं कापड विणून दुकानात आलं की नाव एकदम बदलतं, ते ‘कॉटन’ होतं. ‘कापसाची साडी दाखवा’ असं कोणी दुकानदाराला म्हणत नाही. वणी असो की वरुड, ‘कॉटनची दाखवा ना भाऊ’ असंच म्हणतात. कापसाच्या बाजारालाही कितीतरी गावांत कॉटन मार्केट हेच नाव पडलं. नागपुरात तर कॉटन मार्केट म्हटलं की आता भाजीपाला आठवतो.

म्हणजे हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की तो परका वाटत नाही. कदाचित म्हणूनच त्याच्याबद्दल एक समजूत घट्ट झाली आहे. कॉटन हा इंग्रजांनी आपल्याकडून नेलेला शब्द असून तो आपल्या ‘कातणे’वरून बनला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. एका मुलानं मला विचारलं होतं, “सर, कातन आन कॉटन एकच दिसते नं?” दिसायला एकच दिसतं, हे खरं. कापूस आपला, सूतही आपलंच, मग शब्दही आपलाच असणार असं वाटणंही साहजिक आहे. पण शब्दाचं कूळ ठरवताना नुसतं ऐकायला सारखं वाटून चालत नाही. दोन गोष्टी तपासाव्या लागतात. तो शब्द त्या भाषेत पहिल्यांदा कधी लिहिलेला सापडतो, आणि तिथं पोचण्याआधी वाटेत कोणत्या कोणत्या भाषांत त्याचे ठसे उमटले आहेत.

आधी काळ पाहू. इंग्रजीत हा शब्द सुमारे इ. स. १३०० च्या आसपासचा आहे. वास्को द गामा कालिकतला उतरला तो १४९८ साली, आणि इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०० साली. आपला आणि इंग्रजांचा थेट संबंध येण्याच्या दोनतीनशे वर्षं आधीच कॉटन हा शब्द इंग्लंडात वापरात होता. मग तो आपल्याकडून कोण घेऊन जाणार?

आता ठसे पाहू. इंग्रजीनं तो घेतला फ्रेंचमधून, ‘कोतों’. इटलीत तो ‘कोतोने’ आहे. आणि या सगळ्यांच्या मागं आहे अरबी शब्द ‘कुत्न’, अर्थ कापूस. सगळ्यांत स्पष्ट पुरावा स्पॅनिश भाषेत मिळतो. तिथं कापसाला ‘अल्गोदोन’ म्हणतात. त्यातलं सुरुवातीचं ‘अल’ हे अरबीतलं नामाआधी येणारं उपपद आहे, अल-कुत्न. स्पेनवर अरबांची सत्ता काही शतकं होती. त्यांनीच तिथं आणि सिसिलीत कापसाची लागवड नेली, आणि स्पॅनिश लोकांनी शब्द उचलला तो त्या ‘अल’सकट. ‘कातणे’वरून शब्द आला असता तर हे ‘अल’ कुठून चिकटलं असतं?

‘कातणे’चं घराणं वेगळंच आहे. संस्कृतात सूत काढण्यासाठी ‘कृत्’ हा धातू आहे, त्यावरून ‘कर्तन’, आणि पुढे झिजत झिजत आपलं ‘कातणे’. डच भाषेत तर कापसाला ‘कातून’ म्हणतात, हुबेहूब आपल्या ‘सूत कातून ठेवलं’मधल्यासारखं. तोसुद्धा फ्रेंचमधल्या ‘कोतों’वरूनच आलेला आहे. उच्चार जुळला तो निव्वळ योगायोगानं.

हे ऐकून काहींचा हिरमोड होतो. पण आपला खरा शब्द जगात फिरलाच नाही असं नाही. तो फिरला, आणि ‘कॉटन’च्या कितीतरी आधी फिरला. तो शब्द म्हणजे ‘कर्पास’. त्यावरूनच प्राकृतातून आपला कापूस आणि हिंदीतला कपास आला. ग्रीक भाषेत तो ‘कार्पासोस’ झाला आणि लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’. बायबलच्या जुन्या करारात एस्तेरच्या पुस्तकात इराणी राजाच्या महालातले पडदे वर्णिलेले आहेत, तिथं हिब्रूत ‘कर्पास’ हाच शब्द आहे. फारसीत ‘कर्बास’ म्हणजे जाडंभरडं सुती कापड. लॅटिनमध्ये मात्र अर्थ सरकला. रोमन कवी तो शब्द तलम तागाच्या कापडाला आणि जहाजाच्या शिडाला वापरू लागले. ज्यांनी पऱ्हाटी कधी पाहिलीच नव्हती, त्यांच्या हाती शब्द गेला तो अर्थ निम्मा गमावूनच.

पऱ्हाटी न पाहिलेल्या लोकांना कापूस म्हणजे काय हे कळणं किती अवघड होतं, याचा अंदाज आपल्याला येत नाही. इसवी सनाच्या आधी पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवलं, की हिंदुस्थानात रानातल्या झाडांना लोकर लागते, ती मेंढीच्या लोकरीपेक्षा सुंदर आणि सरस असते, आणि तिथले लोक तिचेच कपडे घालतात. त्याला लोकर ठाऊक होती, म्हणून त्यानं कापसाला झाडाची लोकर म्हटलं. जर्मन भाषेत अजूनही कापसाला ‘बाउमवोले’ म्हणतात, म्हणजे शब्दशः झाडलोकर. मध्ययुगात तर झाडाला कोकरं लागतात अशा गोष्टी युरोपात सांगितल्या जात. त्या कापसाच्या ऐकीव वर्णनावरूनच उठल्या असाव्यात, असं पुष्कळ अभ्यासकांचं मत आहे.

मग प्रश्न उरतो तो हा, की आपला ‘कर्पास’ आधी पोचूनही मागे का पडला आणि अरबी ‘कुत्न’नं बाजी का मारली? माझ्या मते याचं उत्तर व्यापारात आहे. मालाला परदेशात जे नाव पडतं ते पिकवणाऱ्याच्या तोंडचं क्वचित असतं. ज्याच्या हातून माल मिळतो त्याच्या तोंडचं नाव रुजतं. मध्ययुगात युरोपला कापूस मिळाला तो अरबी मुलखातून, भूमध्य समुद्रावरच्या बंदरांतून. म्हणून शब्दही तिथलाच रुजला. हाच नियम पुढे कापडांच्या नावांतही दिसतो, आणि आपल्या वऱ्हाडाच्या नशिबीही तोच आला.

आधी कापडांची नावं पटकन पाहून घेऊ. ‘कॅलिको’ हे साधं सुती कापड, नाव पडलं कालिकत बंदरावरून, आजचं कोझिकोड. ‘मस्लिन’ म्हणजे मलमल. ती विणली जायची बंगालात, पण युरोपीय भाषांत तिला नाव मिळालं इराकमधल्या मोसुल शहराचं. ‘डंगरी’ हा जाड कामाचा कपडा, त्याचं नाव मुंबईतल्या डोंगरीवरून. ‘चिंट्झ’ मात्र गावाचं नाव नाही, ते आपलं छीट. हे छीट इंग्लंडात इतकं खपू लागलं की तिथले लोकर आणि रेशीम विणणारे हवालदिल झाले. १७०० साली कायदा करून हिंदुस्थानातून येणाऱ्या छापील कापडाच्या वापरावर बंदी घातली गेली, १७२१ साली ती आणखी कडक केली गेली. ती उठली १७७४ मध्ये, तोवर त्यांची स्वतःची यंत्रं उभी राहू लागली होती.

खुद्द इंग्रजीत ‘कॉटन’चे अर्थही कमी फिरलेले नाहीत. सोळाव्या शतकात ‘मँचेस्टर कॉटन’ नावाचं जे कापड विकलं जायचं ते चक्क लोकरीचं होतं. कापडाला घासून वरचे तंतू मऊ उभे करण्याच्या कामाला तेव्हा ‘कॉटन करणं’ म्हणत, आणि त्यावरून लव असलेल्या कापडालाही ते नाव लागलं. याच क्रियापदावरून पुढे कोणाशी सूत जुळणं, एखादा माणूस आवडू लागणं, अशा अर्थाचे प्रयोग निघाले असं मानतात. ब्रिटिश इंग्रजीत शिवणाच्या दोऱ्यालाही कॉटन म्हणतात. दवाखान्यातल्या कापसाला ते म्हणतात ‘कॉटन वूल’, तिथं पुन्हा लोकर आलीच. आणखी एक शब्द सांगतो, कारण त्याचा धागा आपल्या रानापर्यंत येतो. इंग्रजीत फुगवून केलेल्या शब्दबंबाळ भाषणाला ‘बॉम्बास्ट’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ कपड्यात भरायचा कापूस. त्याच्या मागचा जुना लॅटिन शब्द ‘बॉम्बॅक्स’, आणि फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेली आपली काटेसावर वनस्पतिशास्त्रात ‘बॉम्बॅक्स’ याच नावानं ओळखली जाते, कारण तिच्या बोंडांतही कापसासारखा मऊ पुंजका असतो.

आता वऱ्हाडाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून एकीकडे मुंबईला आणि दुसरीकडे थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जायचा. वाटेत धूळ, पाऊस, नासधूस सगळं आलं. मँचेस्टरच्या गिरण्यांची भिस्त तेव्हा अमेरिकेच्या कापसावर होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरमधल्या गिरण्या बंद पडू लागल्या. १८६५ पर्यंत ही ओढ चालली. त्या काळात हिंदुस्थानी कापसाला कधी नव्हे ती मागणी आली.

हिंदुस्थानातून येणाऱ्या कापसाला लँकेशायरमध्ये सरसकट ‘सुरत’ म्हणत, मग तो वऱ्हाडातला असो की खानदेशातला. जुन्या व्यापाराचं बंदर सुरत, म्हणून नाव सुरत. तिथल्या कामगारांचं या सुरतशी मुळीच जमलं नाही. आपला कापूस तेव्हा बहुतेक देशी, आखूड धाग्याचा. त्यांची यंत्रं लांब धाग्याच्या अमेरिकन कापसाला बसवलेली. त्यात पाला, सरकीचे तुकडे, मातीची भेसळ. सूत सारखं तुटायचं. कामाप्रमाणे मजुरी मिळत असल्यानं सूत तुटलं की पोटाला चिमटा बसायचा. चर्चमध्ये ‘देवा, आम्हाला कापूस पाठव’ अशी प्रार्थना चालू असताना मागून एक कामगार म्हणाला, ‘पण सुरत नको,’ अशी गोष्ट तिकडे सांगतात. काही काळ तिथल्या बोलीत ‘सुरत’ म्हणजे कुठलीही हलकी, भेसळीची वस्तू असा अर्थ झाला होता. भेसळ रोखण्यासाठी मुंबई सरकारनं १८६३ साली कायदाही केला. एका गावाचं नाव असं दूरदेशी शिवी होऊन बसावं, आणि त्या गावाच्या लोकांना त्याचा पत्ताही नसावा, याचं मला वाईट वाटतं. त्या भेसळीत कास्तकाराचा वाटा किती आणि मधल्या हातांचा किती, हे त्या गिरणीतल्या माणसाला कळायला मार्ग नव्हता.

युद्ध संपलं, अमेरिकन कापूस परत आला, पण तोवर इंग्रज सरकारचं लक्ष वऱ्हाडावर पक्कं बसलं होतं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये कापसाच्या पेठेसाठी खामगावला फाटा निघाला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. आणि मग लिव्हरपूलच्या कापूसबाजारात एक नवं नाव रूढ झालं: ‘ऊमरा’. ऊमरा म्हणजे अमरावती, इंग्रजांच्या कागदोपत्री ‘ऊमरावती’. वऱ्हाड आणि आसपासच्या मुलखातला आखूड धाग्याचा कापूस कुठल्याही खेड्यातला असला तरी तिकडे तो ‘ऊमरा’च. भडोचचा तो ‘ब्रोच’, धोलेऱ्याचा तो ‘धोलेरा’. हिंगणघाटच्या कापसाला मात्र त्याच्या चांगल्या प्रतीमुळे स्वतःचं वेगळं नाव मिळालं होतं, ‘हिंगणघाट’ याच नावानं. दर्यापूर, मोर्शी, आर्वी, दारव्हा इथल्या कास्तकारानं पिकवलेलं सगळं पेठेच्या नावावर जमा व्हायचं. इंग्रजी कोशांत आणि जुन्या बाजारभावांच्या तक्त्यांत हे शब्द अजून सापडतात.

आखूड आणि लांब धागा म्हटलं की बाजारातला आणखी एक शब्द येतो, ‘स्टेपल’. हिवाळ्यात एखाद्या बाजार समितीच्या यार्डात किंवा जिनाच्या दारात उभं राहिलं की हे काम जवळून पाहायला मिळतं. गाडीतल्या ढिगात हात खुपसून ग्रेडर मूठभर कापूस बाहेर काढतो, वरचा नव्हे, आतला. एक सरकी निवडतो आणि तिच्यावरचे तंतू दोन्ही अंगठ्यांत आणि बोटांत धरून हलकेच ओढतो. अर्धे या हातात, अर्धे त्या हातात. दोन्ही पुन्हा एकावर एक ठेवतो, पुन्हा ओढतो. चारपाच वेळा असं केलं की सगळे तंतू विंचरलेल्या केसांसारखे सरळ एका रांगेत येतात. ती बारीक पट्टी तो पँटच्या गडद कापडावर ठेवतो, डोळ्यांनी लांबी जोखतो आणि भाव बोलतो. सगळं अर्ध्या मिनिटात. त्या अर्ध्या मिनिटात वर्षाच्या मेहनतीची किंमत ठरते, म्हणून शेजारी उभा कास्तकार त्या बोटांकडे टक लावून पाहत असतो. सरकारी आधारभूत किमतीतही ही लांबी मोजलेली असते. लांब धाग्याच्या ज्या प्रतीला जास्तीचा हमीभाव जाहीर होतो तिची लांबी २९.५ ते ३०.५ मिलिमीटर धरतात. आता प्रयोगशाळेतली यंत्रं हे अचूक मोजतात, पण यार्डात बोटंच चालतात.

‘स्टेपल’ हा शब्द मुळात लांबीचा नाहीच. त्याच्या मुळाशी आहे जर्मॅनिक भाषांमधला ‘खांब’ अशा अर्थाचा शब्द. त्यावरून डच आणि फ्रेंच भाषेत मालाचा ढीग, कोठार, मग पेठ असा अर्थ आला. मध्ययुगात इंग्लंडच्या राजानं ठरवून दिलं होतं की निर्यातीची लोकर अमुक गावाच्या पेठेतूनच विकायची. त्या पेठेला ‘स्टेपल’ म्हणत, आणि १३६३ साली ती कॅले या बंदरात नेली गेली. तिथं लोकर प्रतवारी करून विकणारा तो ‘स्टेपलर’. त्याच्या कामावरून धाग्याची प्रत आणि लांबी यांनाही स्टेपल म्हणू लागले असावेत. रोजच्या खाण्यातल्या मुख्य धान्याला इंग्रजीत ‘स्टेपल’ म्हणतात तेही याच पेठेवरून. कागदाला मारायची पिन त्याच खांबाच्या कुळातली, पण दुसऱ्या शाखेतून आलेली.

‘जिन’चं तसं सोपं आहे. जिनिंग, जिनवाला, जिनात गाडी खाली केली, हे सगळं ज्या ‘जिन’वरून येतं ते ‘इंजिन’चं तुटलेलं शेपूट. लॅटिनमध्ये ‘इंगेनियम’ म्हणजे जन्मजात बुद्धी. त्यावरून फ्रेंचमध्ये बुद्धीनं केलेली युक्ती, मग यंत्र. इंजिनिअर त्याच घरचा. बाटलीतली जिन वेगळी, ती ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांवरून आली. तारेच्या दातांचं जिन अमेरिकेत एली व्हिटनीनं १७९३ मध्ये बनवलं आणि पुढच्या वर्षी त्याचं पेटंट घेतलं. आपल्या जिनांत मात्र बहुतेक ठिकाणी रोलरची यंत्रं असतात, कारण ती धागा कमी तोडतात. बोंडअळीच्या चर्चेत रोज येणारी ‘बीटी’ ही दोन अक्षरं आहेत एका जिवाणूच्या नावाची. त्यातला ‘टी’ म्हणजे जर्मनीतला थुरिंजिया हा प्रांत, जिथल्या पिठातल्या अळीत १९११ साली तो जिवाणू ओळखला गेला.

शेवटचा शब्द आपण दिलेला आहे आणि रोजच्या व्यवहाराला तो सगळ्यांत उपयोगी आहे. मोबाइलवर रुईचे भाव पाहिले की इंग्रजीत ‘कँडी’ लिहिलेलं असतं. ही कँडी म्हणजे आपली खंडी. वीस मणांची खंडी, ‘खंडीभर’मधली. पोर्तुगीज आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी आपल्या किनाऱ्यावरून हे माप उचललं. गोळ्या-चॉकलेटची कँडी मात्र ‘खांड’ म्हणजे साखर या शब्दावरून, तीही संस्कृतातल्या ‘खंड’पासूनच, पण फारसी आणि अरबीच्या वाटेनं गेलेली. रुईची खंडी ७८४ पौंडांची ठरली, म्हणजे सुमारे ३५६ किलो.

हे माप लक्षात असलं की आपल्या कापसाचा हिशेब घरी बसून लावता येतो. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलोच्या आसपास सरकी, बाकीची घट. समजा रुईचा भाव खंडीला ५५,००० रुपये आहे. भागिले ३५६ केलं की किलोला सुमारे १५४ रुपये ५० पैसे. गुणिले ३४, म्हणजे सव्वापाच हजारांच्या थोडे वर. सरकी किलोला ३५ रुपये धरली तर ६४ किलोचे २,२४० रुपये. दोन्ही मिळून साडेसात हजारांच्या जवळपास. त्यातून जिनिंग, गाठी बांधणं, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा केला की यार्डात बोलला जाणारा भाव किती असायला हवा याचा अंदाज येतो. ओलावा जास्त असेल किंवा कापूस कवडीचा, म्हणजे किडका-डागाळलेला असेल तर रुईचा उतारा ३४ वरून खाली येतो, आणि हिशेब त्या आकड्यापासून पुन्हा मांडावा लागतो.